आर३६ येणार म्हणतात, पण कशी आणि कधी?

२६ ऑगस्ट २०२५ रोजी जपानमधील तोचिगी येथील निसानच्या कारखान्यातून जीटी-आर या वेगवान स्पोर्ट्स गाडीच्या आर३५ पिढीतील शेवटची गाडी बाहेर पडली. मिडनाइट पर्पल या गडद जांभळ्या रंगाची ती गाडी जपानमधल्याच एका ग्राहकासाठी बनवलेली होती. अठरा वर्षांत या पिढीच्या सुमारे ४८,००० गाड्या तयार झाल्या. उत्पादन थांबल्याचे जाहीर करतानाच निसानचे मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान एस्पिनोसा यांनी चाहत्यांना सांगितले की, हा जीटी-आरला कायमचा निरोप नाही आणि हे नाव एक दिवस परत आणणे हे कंपनीचे उद्दिष्ट आहे. त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले होते की, याविषयीची नेमकी योजना आज ठरलेली नाही. यातले पहिले विधान जगभर पोहोचले आणि दुसरे वाटेतच गळून पडले. पुढच्या जीटी-आरविषयीच्या बहुतेक वार्ता या गळून पडलेल्या विधानामुळे मोकळ्या झालेल्या जागेत वाढल्या आहेत.

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही आपली म्हण अशा वेळी आठवते. गाडीचा आराखडा अंतिम झालेला नसताना तिची अश्वशक्ती, तिची किंमत आणि तिच्या मागच्या दिव्यांचा आकार यांवर हिरिरीने वाद होत आहेत. तरीही या वार्तांकडे पाठ फिरवणे मला योग्य वाटत नाही. त्यांतल्या काहींना भक्कम आधार आहे आणि तो आधार समजून घेताना आजच्या मोटार अभियांत्रिकीचे काही अवघड प्रश्न आपोआप उलगडत जातात. या लेखात आपण तेच करणार आहोत.

आधी नावाविषयी. पुढच्या पिढीला सगळेच ‘आर३६’ म्हणत असले, तरी हे नाव कंपनीने कोणत्याही गाडीला अधिकृतपणे दिलेले नाही. निसानच्या स्कायलाइन मालिकेच्या गाड्यांना आर३२, आर३३, आर३४ अशी सांकेतिक नावे होती, त्यानंतरच्या जीटी-आरला आर३५ म्हटले गेले आणि पुढचा आकडा लोकांनीच लावून टाकला.

कोणतीही वार्ता समोर आली की ती कुठून निघाली हे प्रथम पाहावे. संगणकावर काढलेली देखणी चित्रे बहुतेक वेळा एखाद्या कुशल चित्रकाराच्या कल्पनेतून आलेली असतात आणि त्यांचा कारखान्याशी काहीही संबंध नसतो. पेटंट अर्जाचे मोल थोडे अधिक असते, कारण त्यामागे कंपनीच्या अभियंत्यांचा खरा विचार असतो. मात्र असा अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मोटार कंपन्या वर्षाकाठी अशा कितीतरी कल्पनांचे अर्ज करतात ज्या पुढे कोणत्याही गाडीत दिसत नाहीत. प्रदर्शनात मांडलेली संकल्पना-गाडी कंपनीच्या मनातली दिशा दाखवते, पण तिच्या आतली यंत्रणा पुष्कळदा नुसती सांगण्यापुरतीच असते. सर्वांत जास्त वजन द्यावे ते एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या नावानिशी केलेल्या विधानाला, आणि त्यातही ज्या विधानात ‘अमुक आम्ही करून पाहिले आणि ते जमले नाही’ अशी कबुली असेल त्याला. यशाची ग्वाही कोणीही देतो, अडचण मात्र ज्याने काम केले आहे त्यालाच सांगता येते.

जीटी-आरच्या बाबतीत असे एक विधान उपलब्ध आहे आणि त्याकडे आपण पुढे वळू. त्याआधी ही गाडी मुळात काय आहे हे नीट समजले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळेच बऱ्याच अपेक्षा भलत्या दिशेने गेल्या आहेत.

प्रिन्स मोटर ही कंपनी १९६६ मध्ये निसानमध्ये विलीन झाली आणि तिच्याबरोबर स्कायलाइन ही गाडी निसानकडे आली. १९६९ मध्ये तिची पहिली जीटी-आर आवृत्ती निघाली. दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि चोवीस झडपांचे तिचे इंजिन १६० अश्वशक्ती देत असे. १९७३ च्या दुसऱ्या पिढीच्या जेमतेम १९७ गाड्या तयार झाल्या आणि कडक होत गेलेल्या प्रदूषण नियमांपुढे ते इंजिन टिकले नाही. त्यानंतर जीटी-आर हे नाव तब्बल सोळा वर्षे बाजारातून नाहीसे झाले होते. १९८९ मध्ये आर३२ आली तेव्हा ते परतले. २००२ मध्ये आर३४ थांबली, तीही प्रदूषण नियमांमुळेच, आणि मग २००७ पर्यंत पुन्हा खंड पडला. जीटी-आर थांबणे आणि काही वर्षांनी वेगळ्या रूपात परतणे ही या नावाची जुनीच रीत आहे. आजच्या चाहत्यांनी या इतिहासातून धीर घ्यायला हरकत नाही.

आर३२ वर थोडे थांबायला हवे, कारण आज जीटी-आर म्हणून जे ओळखले जाते ते तिथे घडले. त्या काळी जपानी मोटार कंपन्यांमध्ये एक अलिखित करार होता की, देशात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त असू नये. हा करार २००४ पर्यंत पाळला गेला. म्हणजे आर३२ च्या माहितीपत्रकावर जो आकडा होता तोच तिच्या स्पर्धक गाड्यांच्या पत्रकांवरही छापता येत होता. आकड्याने पुढे जाण्याची वाट बंद असल्यामुळे अभियंत्यांनी वेगळा प्रश्न हाती घेतला: असलेली शक्ती रस्त्यावर उतरवायची कशी? त्यांनी अशी यंत्रणा बनवली की गाडी एरवी मागच्या चाकांवर चालेल, पण मागची चाके घसरू लागताच संगणकाच्या आज्ञेवरून अनेक चकत्यांचा एक क्लच घट्ट होईल आणि निम्म्यापर्यंतची ताकद पुढच्या चाकांकडे वळेल. चिखलात अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असलेली चार चाकांची ओढ तोवर सर्वांना माहीत होती. तीच ओढ वळणावर वेग वाढवण्यासाठी क्षणाक्षणाला मोजून देणे ही त्यातली खरी झेप होती. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील २९ शर्यतींत आर३२ उतरली आणि २९ ही शर्यती तिनेच जिंकल्या. ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षे तिने बाथर्स्टची प्रतिष्ठेची शर्यत मारली. तिचे ‘गॉडझिला’ हे टोपणनावही त्याच देशातल्या एका मोटार मासिकाने दिलेले आहे.

आर३५ ने हाच विचार पुढे नेला. ३.८ लिटरचे, दोन टर्बोंचे (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यांचे) व्ही६ इंजिन, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरांचे इंजिन, पुढे ठेवून गिअरबॉक्स आणि क्लच मागच्या चाकांजवळ नेले, म्हणजे वजनाची वाटणी सुधारली. त्यासाठी इंजिनाकडून मागे जाणारा एक दांडा आणि गिअरबॉक्सकडून पुन्हा पुढच्या चाकांकडे येणारा दुसरा दांडा अशी दुहेरी मांडणी करावी लागली. प्रत्येक इंजिन योकोहामाच्या कारखान्यात एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने जुळवत असे. या कारागिरांना जपानीत ‘ताकुमी’ म्हणतात आणि आर३५ च्या संपूर्ण आयुष्यात असे केवळ नऊ जण होते. जपानमध्ये ती डिसेंबर २००७ मध्ये ७७ लाख ७० हजार येनला विक्रीस आली. ४८० अश्वशक्तीची, चार आसनांची ही गाडी तिच्याहून कितीतरी महाग युरोपीय गाड्यांना जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर मागे टाकत होती. २००८ मध्ये तिने तिथे ७ मिनिटे २९ सेकंदांची वेळ नोंदवली तेव्हा पोर्शे कंपनीने अमेरिकेतून एक जीटी-आर विकत आणून स्वतः चालवून पाहिली आणि आपल्याला ७ मिनिटे ५४ सेकंद लागल्याचे सांगून त्या दाव्यावर शंका घेतली. प्रतिस्पर्ध्याने पदरचे पैसे खर्चून शंका घ्यावी, याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.

या सगळ्यातून जीटी-आरची ओळख अशी ठरते: असलेली ताकद वाया न घालवता जमिनीवर उतरवणे, ते एकदा करून न थांबता फेरीमागून फेरी करत राहणे, आणि हे सर्व तुलनेने आवाक्यातल्या किमतीत देणे. पुढच्या गाडीविषयीची प्रत्येक वार्ता या तीन गोष्टींवर घासून पाहावी, असे माझे म्हणणे आहे. त्या कसोटीवर सर्वांत गाजलेली वार्ता सर्वांत कच्ची ठरते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये निसानने ‘हायपर फोर्स’ नावाची संकल्पना-गाडी मांडली. तिचे चौकोनी दिवे आणि एकंदर ठेवण पाहून कोणालाही जीटी-आर आठवावी अशीच तिची रचना होती. ती पूर्णपणे विजेवर चालणारी असून तिची शक्ती १,००० किलोवॅट, म्हणजे सुमारे १,३६० अश्वशक्ती असल्याचे कंपनीने सांगितले आणि त्यासाठी सॉलिड-स्टेट, म्हणजे द्रवाऐवजी घन माध्यम असलेली बॅटरी वापरली जाईल असे जाहीर केले. त्या दिवसापासून ‘आर३६ विजेवर चालणार आणि १,३६० अश्वशक्तीची असणार’ हे वाक्य जणू ठरलेली गोष्ट असल्याप्रमाणे फिरत आहे.

विजेच्या मोटरीतून एवढी शक्ती काढणे आज फारसे कठीण राहिलेले नाही. खरी अडचण ऊर्जा बरोबर वाहून नेण्याची आहे आणि ती समजायला आपल्या घरच्या वीजबिलातले ‘युनिट’ पुरते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आर३५ च्या टाकीत ७४ लिटर पेट्रोल मावते, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे युनिट, आणि त्या पेट्रोलचे वजन असते अवघे पंचावन्न किलो. इंजिन त्यातली बरीच ऊर्जा उष्णता म्हणून फुकट घालवते. चाकांपर्यंत तीस टक्के पोहोचते असे धरले तर हाती सुमारे दोनशे युनिट उरतात. विजेची मोटर पुष्कळच कार्यक्षम असल्यामुळे तेवढ्याच कामासाठी बॅटरीत सव्वादोनशे युनिट असली तरी भागेल. पण आजच्या गाड्यांमधली बॅटरी, तिचे कवच आणि शीतकरणाच्या नळ्या धरून, एका किलोमागे युनिटचा सहावा-सातवा हिस्साच साठवते. हिशेब केला तर ही बॅटरी एकटीच सुमारे दीड टनाची होते. आर३५ ही अख्खी गाडीच पावणेदोन टनांच्या आसपास आहे. ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत मिळते हे खरे, पण त्याने ही दरी बुजत नाही.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. जानेवारी २०२५ मध्ये निसानच्याच अभियंत्यांनी एका जुन्या आर३२ चे इंजिन काढून तिच्यात प्रत्येकी १६० किलोवॅटच्या दोन मोटरी आणि ६२ युनिटची बॅटरी बसवून दाखवली. मूळ गाडीचे वजन १,४३० किलो होते, ते १,७९७ किलोवर गेले. ६२ युनिटला ही स्थिती असेल तर दोनशेला काय होईल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वजनाहूनही चिवट शत्रू म्हणजे उष्णता. बॅटरीतून वीज वाहताना तिच्या अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. रोजच्या रस्त्यावर चालक क्वचितच पूर्ण शक्ती वापरतो, शर्यतीच्या मार्गावर मात्र प्रत्येक वळणातून निघताना ती वापरतो आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावताना तेवढ्याच जोराने वीज परत बॅटरीत ढकलतो. पेट्रोलच्या इंजिनाची बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर फेकली जाते. बॅटरीला अशी धुराडी नसते. तिच्या घटांचे (सेलचे) तापमान साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागले की गाडीतला संगणक घटांच्या रक्षणासाठी शक्ती कमी करतो आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या फेरीत मंदावते.

यावर कोणी रास्त आक्षेप घेईल की, विजेच्या गाड्यांनी न्युर्बुर्गरिंगवर उत्तम वेळा नोंदवल्या आहेत. ते अगदी खरे आहे. शाओमी एसयू७ अल्ट्रा या चिनी गाडीने २०२५ मध्ये ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांत ती फेरी पूर्ण केली, तर आर३५ च्या निस्मो या शर्यतीच्या धाटणीच्या आवृत्तीची २०१३ मधली वेळ ७ मिनिटे ८.६७९ सेकंद होती. वीस किलोमीटरहून लांब असलेल्या मार्गाची एक फेरी विजेची गाडी आज जीटी-आरपेक्षा वेगाने मारू शकते. प्रश्न दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या फेरीचा आहे, आणि जीटी-आर विकत घेणारे लोक नेमके त्यासाठीच पैसे मोजत आले आहेत.

मघाशी ज्या विधानाचा उल्लेख केला ते इथे येते. निसानच्या उत्तर अमेरिका विभागाचे नियोजनप्रमुख पॉन्झ पांडिकुथिरा यांनी २०२५ मध्ये वार्ताहरांशी बोलताना या अडचणीची मोकळेपणाने कबुली दिली. न्युर्बुर्गरिंगसारख्या मार्गावर धावल्यानंतर चार्जिंगसाठी थांबावे लागणारी जीटी-आर ग्राहकांना अस्सल वाटणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यामुळे पुढची गाडी पूर्ण विजेची नसून इंजिन आणि मोटर यांचा मेळ घालणारी, म्हणजे हायब्रिड असेल, आणि ती हे दशक संपण्याच्या आत यावी असा प्रयत्न आहे, असे त्यांनी सांगितले. आर३५ च्या व्ही६ इंजिनाचा मूळ ठोकळा उत्तम असून तो ठेवून वरचे भाग नव्याने करण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. सर्व वार्तांमध्ये मला हीच सर्वांत विश्वासार्ह वाटते. ती सांगणाऱ्याचे नाव आणि पद उघड आहे, तिच्यात अडचणीची कबुली आहे आणि वर केलेल्या साध्या हिशेबाशी ती जुळते.

मग सॉलिड-स्टेट बॅटरीचे काय? नेहमीच्या लिथियम बॅटरीत दोन ध्रुवांच्या मध्ये द्रवरूप माध्यम असते आणि त्यातून विद्युतभारित कण ये-जा करतात. हे द्रव ज्वलनशील असते आणि जास्त तापमानात बिघडते. त्याच्या जागी घन पदार्थ वापरता आला तर बॅटरी जास्त उष्णता सोसू शकेल आणि तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठवता येईल. निसानचे ध्येय ऊर्जेची घनता दुपटीपर्यंत नेण्याचे आणि चार्जिंगचा वेळ एक तृतीयांशावर आणण्याचे आहे. योकोहामा येथील प्रायोगिक उत्पादन-ओळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली आणि २०२८ या आर्थिक वर्षात अशी बॅटरी असलेली गाडी बाजारात आणण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. अडचण अशी की घन पदार्थ आणि ध्रुव यांचा स्पर्श सर्वत्र आणि कायम घट्ट राहावा लागतो. चार्ज होताना आणि उतरताना घट सूक्ष्म प्रमाणात फुगतात आणि आकसतात. द्रव त्या फटींत आपोआप शिरते, घन पदार्थाला ते जमत नाही. प्रयोगशाळेतल्या लहानशा घटात हे साधणे आणि हजारो गाड्यांसाठी रोज तसेच घट बनवणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय घनता खरोखर दुप्पट झाली तरी आपल्या हिशेबातली बॅटरी सातशे किलोंच्या आसपास उरतेच. हायपर फोर्ससारखी गाडी कधीतरी होईल यावर माझा विश्वास आहे, पण ती आर३६ च्या नंतरची पायरी असेल.

हायब्रिड म्हटले की काही जुने चाहते नाक मुरडतात. ही जोडणी किती हलकी असू शकते याचे उत्तम उदाहरण जीटी-आरच्या कायमच्या प्रतिस्पर्ध्यानेच घालून दिले आहे. २०२४ मध्ये पोर्शेने ९११ जीटीएस या गाडीत दोन युनिटहूनही कमी, नेमके सांगायचे तर १.९ युनिटची बॅटरी बसवली. तिच्यावर चालणारी एक छोटी मोटर थेट टर्बोच्या आसावर बसते. टर्बोला एरवी धुराच्या जोराची वाट पाहावी लागते आणि म्हणून पॅडल दाबल्यावर क्षणभर ताकद येत नाही. मोटर ती वाट पाहायला लावत नाही. दुसरी मोटर गिअरबॉक्समध्ये राहून चाकांना मदत करते. एवढ्याने गाडीचे वजन सुमारे पन्नास किलोंनीच वाढले आणि न्युर्बुर्गरिंगवर ती आपल्या आधीच्या आवृत्तीपेक्षा ८.७ सेकंद वेगवान ठरली. लहान बॅटरी फेरीत अनेकदा रिकामी होऊन अनेकदा भरते, त्यामुळे मोठा साठा वाहून नेण्याची गरजच पडत नाही.

जीटी-आरसाठी यात आणखी एक शक्यता दडलेली आहे, आणि हा माझा स्वतःचा अंदाज आहे. पुढच्या चाकांना विजेची मोटर दिली तर मागून पुढे येणारा तो दुसरा दांडा लागतच नाही. क्लचच्या चकत्या आवळून ताकद वळवण्यापेक्षा मोटरला आज्ञा देणे कितीतरी जलद होते, आणि पुढच्या दोन चाकांना दोन मोटरी दिल्या तर डाव्या-उजव्या चाकांतली वाटणीही हवी तशी करता येते. ‘ताकद जमिनीवर उतरवणे’ हा आर३२ चा मूळ हेतू यातून अधिक चांगला साधेल. सावधगिरीचा दाखला म्हणून होंडाची दुसऱ्या पिढीची एनएसएक्स डोळ्यांसमोर ठेवावी लागते. तिच्यात इंजिन चालकाच्या मागे होते आणि पुढच्या चाकांना अशाच दोन मोटरी होत्या. तंत्र वाखाणण्याजोगे होते, पण २०२२ मध्ये ती बंद झाली तेव्हा जगभरात मिळून तीन हजारांहूनही कमी गाड्या बनल्या होत्या.

नियमांची बाजू थोडक्यात. आर३५ ऑस्ट्रेलियातून २०२१ मध्ये बाजूच्या धडकेविषयीच्या सुरक्षा नियमांमुळे आणि युरोपातून २०२२ मध्ये आवाजाच्या मर्यादेमुळे गेली, म्हणजे गाडीत दोष नसतानाही बाजारपेठा एकेक करून मिटत गेल्या. नव्या प्रदूषण नियमांत इंजिन तापू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त इंधन फवारण्याची जुनी युक्तीही फार काळ चालणार नाही. मोटरची मदत घेण्यामागे हेही एक कारण आहे.

आता पैसा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, आणि आर३६ ची तारीख ठरवणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे. मार्च २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात निसानला सुमारे ६७,००० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. होंडाबरोबरच्या विलीनीकरणाची बोलणी त्याआधी फेब्रुवारीतच संपुष्टात आली होती. एप्रिलमध्ये एस्पिनोसा यांनी सूत्रे घेतल्यावर २०,००० नोकऱ्या कमी करण्याचा आणि १७ कारखान्यांचे १० करण्याचा निर्णय जाहीर झाला. योकोहामातले मुख्यालयही ९,७०० कोटी येनला विकून कंपनी आता तिथे भाडेकरू म्हणून राहते. अठरा वर्षांत ४८,००० म्हणजे वर्षाला सरासरी अडीच हजारांच्या थोड्या वर खपणाऱ्या गाडीसाठी नवा सांगाडा आणि नवी यंत्रणा उभी करणे हे अशा काळात कोणत्याही संचालक मंडळाला सहज पटणारे नाही.

तरीही इतिहासात एक विलक्षण साम्य आहे. १९९९ च्या आर्थिक वर्षात निसानला ६८,००० कोटी येनहून अधिक तोटा झाला होता, म्हणजे आजच्याइतकाच. तेव्हा फ्रान्सच्या रेनो कंपनीचे भांडवल आले, रेनोकडून आलेल्या कार्लोस घोन यांनी कारखाने बंद केले, आणि त्याच पडझडीच्या काळात, २००१ च्या टोकियो मोटर शोमध्ये, नव्या जीटी-आरची संकल्पना मांडली गेली. २००५ मध्ये तिचे जवळपास पूर्ण झालेले रूप दिसले आणि २००७ मध्ये प्रत्यक्ष गाडी आली. आर३५ हे संकटात दिलेल्या शब्दाचे फळ होते आणि ते पिकायला सहा वर्षे लागली.

टोयोटाचे ताजे उदाहरणही असेच सांगते. जानेवारी २०२२ मध्ये तिने जीआर जीटी३ ही शर्यतीची संकल्पना-गाडी दाखवली. मधली वर्षे तर्कवितर्कांत गेली, जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमधील गुडवुडच्या महोत्सवात आकार लपवणाऱ्या नक्षीच्या आवरणाखाली झाकलेली गाडी धावताना दिसली आणि डिसेंबर २०२५ मध्ये जीआर जीटी अधिकृतपणे समोर आली. चार लिटरचे दोन टर्बोंचे व्ही८ इंजिन, जोडीला मोटर, ६५० अश्वशक्तीहून अधिक शक्ती आणि १,७५० किलोंच्या आत वजन ठेवण्याचे लक्ष्य, अशी ती हायब्रिडच आहे. विक्री २०२७ च्या सुमारास अपेक्षित आहे. जपानमध्ये इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, जेणेकरून जुन्या कारागिरांचे कसब पुढच्या पिढीच्या हाती जावे. टोयोटाने आपल्या गाडीची सांगड याच प्रथेशी घातली आहे. योकोहामाच्या नऊ ताकुमींचे कसब असेच कोणाच्या हाती जावे, असे मला मनापासून वाटते.

संकल्पनेपासून विक्रीपर्यंत निसानला सहा आणि टोयोटाला पाच वर्षे, हे माप हायपर फोर्सच्या ऑक्टोबर २०२३ ला लावले तर २०२८ किंवा २०२९ हे वर्ष येते, आणि ते ‘दशक संपण्याच्या आत’ या विधानाशी जुळते. पुढच्याच वर्षी गाडी रस्त्यावर येणार असे सांगणाऱ्या वार्ता त्यामुळे बाजूला ठेवाव्यात.

किमतीच्या अपेक्षाही सुधारून घ्याव्या लागतील. ७७ लाख ७० हजार येनपासून सुरू झालेली आर३५ शेवटच्या वर्षी, तिच्या सर्वांत साध्या रूपातही, १ कोटी ४४ लाख येनवर पोहोचली होती. भारतात ती अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा दिल्लीतील किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती, कारण पूर्ण बांधून आणलेल्या गाडीवर जबर आयातशुल्क पडते. मोटर आणि बॅटरी वाढल्यावर नवी गाडी यापेक्षा स्वस्त असण्याचे कारण दिसत नाही. युरोपीय प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत ती कमी किमतीची राहिली तरी जीटी-आरने आपला शब्द पाळला असे म्हणता येईल.

यापुढे बातमी पडताळायची असेल तर चित्रांऐवजी दोन ठिकाणी लक्ष ठेवावे. निसानच्या ताळेबंदात सलग काही तिमाहींचा नफा दिसू लागला तरच अशा गाडीला मंजुरीचा मार्ग मोकळा होईल. आणि मंजुरीनंतर विक्रीच्या साधारण वर्ष-दीड वर्ष आधी न्युर्बुर्गरिंगच्या झाडीतून नक्षीच्या आवरणातली एक गाडी धावताना कोणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडेल. तेव्हा तिच्या आवाजाकडे कान द्यावा. त्यात व्ही६ ची गुरगुर असेल, तर पांडिकुथिरा यांनी सांगितलेलीच गाडी तयार होत आहे असे समजावे.